छतावरचे शिंपले: खरवडायचे की झाकायचे?

पत्र इंग्लंडमधल्या स्लाउहून आलंय. थोडक्यात असं:

"गेल्या हिवाळ्यात आम्ही इथे १९७२ सालचं तीन बेडरूमचं सेमी-डिटॅच्ड घर घेतलं. सगळ्या खोल्यांच्या छताला जुन्या पद्धतीचा खडबडीत थर आहे, शिंपल्यांच्या नक्षीचा. जिन्याच्या भिंतीवर तर काटेच आहेत, चार वर्षांच्या मुलाचं कोपर दोनदा सोललं. सध्या कोल्हापूरहून सासरे आलेत. सार्वजनिक बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेत. ते म्हणतात, 'कशाला कोणाला पैसे द्यायचे? बँक हॉलिडेला मी आणि हा मिळून खरवडून काढतो, टाके मारतो, वरून प्लास्टर.' मुलाच्या खोलीत त्यांनी पंजाएवढा तुकडा खरवडून पाहिलाही. एक बिल्डर म्हणतो, सँडर लावून दोन दिवसांत गुळगुळीत करून देतो. दुसरा म्हणतो, काढूच नका, वरून स्किम, म्हणजे प्लास्टरचा पातळ थर, मारा. आणि शेजारच्या आजी म्हणाल्या, त्यात ॲस्बेस्टॉस असतं, हात लावू नका. हे बाबांना सांगितलं तर हसले. म्हणाले, 'आमच्या अर्ध्या गावावर ॲस्बेस्टॉसचे पत्रे आहेत, कोण मेलं?' आता कोणाचं ऐकू? मुलगा त्याच खोलीत झोपतो."

ताई, शेवटच्या ओळीपासून सुरू करते, कारण त्या काळजीत बाकीचं काही तुमच्या डोक्यात शिरणार नाही. पंजाएवढा तुकडा एकदा खरवडला गेला म्हणून मुलाच्या नावाने रात्र रात्र जागू नका. ॲस्बेस्टॉसचे आजार मुख्यतः त्या लोकांना झाले, ज्यांच्या छातीत ती धूळ वर्षानुवर्षं, रोजच्या कामात जात राहिली: जहाजबांधणीतले कामगार, पाइपांना वेष्टण घालणारे, सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन. ब्रिटनमध्ये आजही दर वर्षी ५,००० हून जास्त माणसं त्यापायी दगावतात, आणि त्यातली बहुतेक कित्येक दशकांपूर्वी केलेल्या कामाचं भोगत असतात. तुमच्याकडे जे झालं त्याचा धोका फार थोडा आहे. फक्त तो वाढवायचा नाही.

तेव्हा आज एवढं करा. खोली पुसून होईपर्यंत मुलाला दुसरीकडे झोपवा. तिथे झाडू मारू नका आणि घरातला व्हॅक्यूम तर मुळीच लावू नका. ॲस्बेस्टॉसचे तंतू इतके बारीक असतात की साध्या व्हॅक्यूमच्या फिल्टरमधून निघून पुन्हा हवेत येतात. पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून स्प्रेच्या बाटलीत भरा, पडलेला भुगा हलक्या फवाऱ्याने ओला करा आणि ओल्या कागदी टॉवेलने टिपून घ्या. जमीन, खिडकीची कड, पलंगाचा काठ, सगळं ओल्या फडक्याने. पलंगावर चादर उघडी असेल आणि तिच्यावर भुगा दिसत असेल, तर ती झटकू नका. ओली करून, आतल्या बाजूला दुमडून पिशवीत घाला. कागद, फडकी, चादर एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, तोंड चिकटपट्टीने बंद, आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत गॅरेजच्या कोपऱ्यात. छतावरची उघडी पडलेली जागा घासून सारखी करायला जाऊ नका. तिच्या कडेचा नमुना घेऊन झाला की वरून जाडसर इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवलेला भिंतीचा रंग, फासा. रंगाखाली ती गप्प बसेल.

आता तुमच्या चार सल्लागारांकडे वळू. मला विचाराल तर सगळ्यात शहाणं बोलल्या त्या शेजारच्या आजी. दुसरा बिल्डर बहुधा बरोबर आहे, पण तपासणीआधीच बोलला. बाबांचे टाके कोल्हापुरात चालले असते. आणि सँडरवाल्याचा फोन पुन्हा आला तर उचलू नका.

हा थर म्हणजे इथे सगळे ज्याला आर्टेक्स म्हणतात तो, मग बनवणारी कंपनी कोणतीही असो. साठ ते ऐंशीच्या दशकात इंग्लंडमधल्या घरांत तो सरसकट लागला. कारण सौंदर्याचं कमी आणि पैशाचं जास्त. प्लास्टरबोर्डच्या, म्हणजे जिप्समच्या पातळ शीटच्या, छताला गुळगुळीत फिनिश द्यायला कसलेला प्लास्टरर लागतो. हा मात्र पिठासारखा कालवून, ब्रशने जाड फासून, ओला असतानाच कंगव्यासारख्या अवजाराने शिंपले काढले की झालं. बोर्डांचे सांधे, खिळ्यांची डोकी, भेगा, सगळं त्या नक्षीखाली झाकलं जायचं. आता असा जाड लगदा छताला उलटा चिकटून राहायला हवा, शिंपल्याची कड ढासळता कामा नये आणि वाळल्यावर तडाही जाता कामा नये. म्हणून त्यात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळायचे. प्रमाण साधारण ३ ते ५ टक्के. निळं आणि तपकिरी ॲस्बेस्टॉस ब्रिटनमध्ये १९८५ साली बंद झालं, पांढऱ्यावर मात्र बंदी यायला १९९९ उजाडलं. तुमचं घर १९७२ चं. म्हणजे शक्यता चांगलीच आहे, पण खात्री नाही. सगळ्याच मालात ते नव्हतं, आणि कधीकधी एकाच घरात पुढच्या खोलीच्या छतात सापडतं, मागच्या खोलीच्या नाही, कारण मधल्या काळात कोणीतरी एकच खोली नव्याने केलेली असते. नुसतं बघून सांगता येत नाही. मलाही येत नाही, बिल्डरलाही येत नाही, आणि "मी पंचवीस वर्षं हेच करतोय, बघून सांगतो" म्हणणाऱ्याला तर मुळीच येत नाही.

बाबांच्या दोन मुद्द्यांना नीट उत्तर द्यायला हवं. ते अनुभवी माणूस आहेत. नुसतं "इथे असं चालत नाही" म्हटलं तर ऐकणार नाहीत, आणि का ऐकावं?

पहिला मुद्दा पत्र्यांचा. गावाकडचे सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचेच, त्यात वादच नाही. पण त्यात तंतू सिमेंटमध्ये घट्ट जखडलेले असतात. पत्रा छपरावर नुसता पडून आहे तोवर फारसं काही सोडत नाही. त्रास सुरू होतो तो करवतीने कापताना, भोकं पाडताना, फोडताना, किंवा ऊनपाऊस खाऊन तो भुसभुशीत झाल्यावर. आर्टेक्स खरवडणं म्हणजे पत्रा कापण्याच्या जातीचं काम, तेही दारं-खिडक्या बंद असलेल्या खोलीत, डोक्याच्या वर, तोंड वर करून. राहता राहिलं "कोण मेलं". हे आजार दिसायला पंधरापासून साठ वर्षं लागतात. तरुणपणी पत्रे कापलेला माणूस सत्तरीत दम लागतो म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात गेला, तर त्याला विडी ओढता का एवढं विचारतात. पत्रे कापायचात का, हे कोण विचारतं? मोजलंच नाही तर मेलं कोण हे कळणार कसं, एवढंच बाबांना विचारा. ते हिशेबाचे माणूस असणार, एमबी, म्हणजे कामाच्या मोजमापांची वही, लिहिण्यात आयुष्य गेलंय त्यांचं.

दुसरा मुद्दा टाके मारण्याचा. आपल्याकडे जुन्या गुळगुळीत पृष्ठभागावर नवा गिलावा धरावा म्हणून छिन्नीने टाके मारतात, आणि ते योग्यच आहे, कारण मागे वीट असते, काँक्रीट असतं, वर स्लॅब असतो. तुमच्या छतात स्लॅब नाही. वरच्या मजल्याची जमीन लाकडी जॉइस्टवर, म्हणजे आडव्या तुळयांवर, आहे आणि त्याच जॉइस्टना खालून जेमतेम ९.५ किंवा १२.५ मिलिमीटर जाडीचा प्लास्टरबोर्ड खिळ्यांनी ठोकलाय. बोर्ड म्हणजे कागदाच्या दोन थरांमध्ये जिप्सम. त्यावर छिन्नी चालवली तर टाका पडणार नाही, आरपार भोक पडेल. हातोडीच्या दणक्यांनी पन्नास वर्षांचे गंजलेले खिळे सैल होतील, ते वेगळंच. बाबांना एकदा वरच्या खोलीतल्या गालिच्याचा कोपरा उचलून खालच्या फळ्या दाखवा. पुढचं त्यांचं त्यांनाच कळेल. अर्धं काम त्या फळ्याच करतील.

तपासणी कशी करायची ते सांगते. या देशात नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळांना यूकासची मान्यता असते. ती बघूनच निवडा. दोन मार्ग आहेत. प्रशिक्षित माणूस घरी येऊन नमुने घेतो, तो बरा मार्ग. किंवा टपालाने किट मागवून नमुना स्वतः घ्यायचा. घरमालकाला त्याची मनाई नाही, आणि एका नमुन्याचा खर्च साधारण पन्नास पाऊंडांच्या आत-बाहेर असतो. स्वतः घेणार असाल तर मुलगा घराबाहेर, हीटिंग बंद, खाली प्लास्टिकचा कागद, तोंडाला एफएफपी३ मास्क. कोविडच्या वेळचा निळा मास्क इथे कुचकामी. जागा साबणाच्या पाण्याने भिजवून घ्या, मिनिटभर मुरू द्या आणि नखाएवढा तुकडा बोर्डापर्यंतच्या पूर्ण जाडीसह अलगद उचला. वरचावर नुसता रंग खरवडून पाठवला तर प्रयोगशाळा रंगाचाच निकाल देईल. नमुना दोन झिपच्या पिशव्यांत घालून वर खोलीचं नाव लिहा. प्रत्येक खोलीचा वेगळा, जिन्याच्या भिंतीचा वेगळा. एका खोलीत काही निघालं नाही म्हणून बाकीच्या सोडून देऊ नका. पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे.

निकाल "आढळलं नाही" असा आला तर बाबांना खुशाल शिडी द्या. तरीही धूळ ती धूळच, मास्क हवाच, आणि छिन्नी नकोच. उंच टोकं पत्तीने उडवून वर स्किम मारणं, हाच तेव्हाही सगळ्यात स्वस्त मार्ग ठरेल. पूर्ण काढायची हौसच असेल तर वॉलपेपर काढायच्या वाफेच्या यंत्राने थर मऊ करून ओढता येतो. मूळ आर्टेक्स पाण्याला शरण जातं. अडचण असते वरच्या रंगाची. पन्नास वर्षांत पाच-सात हात इमल्शनचे बसलेले असतात, त्यात एखादा चकचकीत सिल्कचा किंवा तेलाचा असला की वाफ आत शिरतच नाही.  बराच वेळ वाफ धरली तर बोर्डाचा कागद भिजून फुगतो, आणि छतावरून उकळतं पाणी थेट मनगटावरून बाहीत उतरतं. एक खोली केली की पुरे होतं.

निकाल "आहे" असा आला तर खरा विचार सुरू. आणि पहिला पर्याय, जो एकाही बिल्डरने तुम्हाला सांगितला नाही: काहीच न करणं. थर घट्ट आहे, पोपडे सुटलेले नाहीत, पाणी गळून फुगलेला नाही, तर त्याला हात न लावता रंग मारून राहू देता येतं, आणि हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हचा, म्हणजे कामाच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेचा, कलही चांगल्या स्थितीतल्या मालाला न छेडण्याकडेच आहे. दिसायला जुनाट दिसेल, पण छताकडे बघत कोण बसतं? बैठकीच्या खोलीचं करून घ्या आणि बेडरूमची छतं पुढच्या काही वर्षांवर ढकला, असा तोडगाही वाईट नाही. घर घेतल्या घेतल्या सगळंच एकदम करायचं हा आपला एक हट्ट असतो.

पण झाकायचंच असेल तर स्किम. यात जिप्सम प्लास्टरचे दोन पातळ हात मिळून दोन-तीन मिलिमीटरचा थर बसतो. आधी पृष्ठभागाला वाळूचे कण असलेला बाँडिंग प्रायमर लागतो. बाबांचे टाके जे काम करतात तेच काम हे कण करतात, पोकळ ठोकाठोकी न करता. शिंपले खोल असतील तर आधी एक बेस कोट भरून खड्डे बुजवायचे, मग फिनिश. इथे एक मेख आहे, ती नीट लक्षात घ्या. बहुतेक प्लास्टररांचा हात सवयीने आधी पत्तीकडे जातो, टोकं उडवायला. ॲस्बेस्टॉस असलेल्या छतावर कोरडं खरवडणं अजिबात नको. टोकं काढणं भागच असेल तर पूर्ण भिजवून, खाली प्लास्टिक अंथरून, आणि हे काम माहीत असलेल्या माणसानेच. नाहीतर बेस कोट जाड घ्या आणि टोकं आत गाडून टाका. ही गोष्ट दर ठरवतानाच बोला. शिडीवर चढलेल्या माणसाला खालून सांगून उपयोग नसतो.

स्किम टिकेल की नाही, हे खालचा थर ठरवतो. आर्टेक्सवरचा रंगच सुटत असेल तर स्किमचं वजन त्या रंगाला लटकेल आणि एक दिवस सगळं मिळून पापुद्र्यासारखं खाली येईल. तशा छताला दुसरा उपाय: खालून नवा प्लास्टरबोर्ड मारायचा आणि त्याला स्किम करायचं. मला हा उपाय जास्त भरवशाचा वाटतो, विशेषतः जिथे छत जरा खाली झुकलंय किंवा खिळ्यांची डोकी वर आलीत. पण एक मोठी शीट वीस किलोच्या वर भरते, ती डोक्यावर धरून स्क्रू मारायचा म्हणजे दोन माणसं आणि बोर्ड उचलायचा स्टँड हवा. स्क्रू एवढा लांब हवा की जुना-नवा बोर्ड ओलांडून जॉइस्टच्या लाकडात निदान इंचभर जाईल. आर्टेक्समधून स्क्रू जाताना थोडी धूळ होतेच, तीही करणाऱ्याने जमेत धरायला हवी. छत सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने खाली येतं, त्यात काही बिघडत नाही. दिव्यांच्या वायरी तेवढ्या इलेक्ट्रिशियनकडून आधी मोकळ्या करून घ्या.

जिन्याच्या भिंतींचं गणित वेगळं आहे. तिथे बोर्ड मारला की स्विच, स्कर्टिंग, दाराच्या चौकटी सगळं पुढे आणावं लागतं आणि आधीच अरुंद असलेला बोळ आणखी अरुंद होतो. शिवाय हा थर तुमच्या हाताच्या उंचीवर आहे: मुलाचं कोपर, बॅगांचे कोपरे, सायकलचं हँडल रोज त्यावर घासणार. घरात आधी हात घालायचा तर तिथे. काट्यांची उंची कमी असेल तर बेस कोट आणि स्किम. मुळापासून काढायचंच ठरलं तर जेलची पद्धत: दाट जेल काही मिलिमीटर जाड फासतात, कित्येक तास, कधी रात्रभर ठेवतात, रंग आणि आर्टेक्स दोन्ही मऊ लगदा होतात आणि ओल्याओल्याच पत्तीने उतरवतात. धूळ जवळजवळ होत नाही. पण महाग आणि कंटाळवाणं काम आहे. त्यातून जिन्याच्या वरचा भाग म्हणजे टॉवर उभारल्याशिवाय हात पोचत नाही. पायऱ्यांवर शिडी आणि तिच्याखाली पुस्तकांची चळत असला आपला देशी जुगाड तिथे करू नका.

छतच बोर्डासकट खाली पाडायचा सल्लाही कोणीतरी देईल. त्याने अख्खं छत ॲस्बेस्टॉसचा कचरा बनतं आणि विल्हेवाटीचा खर्च आकाशाला भिडतो. पाणी गळून बोर्डच गेला असेल तरच तो मार्ग.

माणूस कसा निवडायचा? कायद्याने या कामाला खास परवानाधारक कंपनीच लागते असं नाही. २०१२ च्या नियमांनुसार अशा खडबडीत थराचं काम सहसा विनापरवाना कामांत मोडतं. पण विनापरवाना म्हणजे विनाप्रशिक्षण नव्हे. बिल्डर एखादं प्रमाणपत्र तुमच्यापुढे नाचवेल. त्यावर काय लिहिलंय ते वाचा. नुसतं "अवेअरनेस" असेल तर त्याचा अर्थ एवढाच की या माणसाला ॲस्बेस्टॉस ओळखून हात मागे घ्यायला शिकवलंय. प्रत्यक्ष काम करायला त्याच्या पुढचं, विनापरवाना कामाचं प्रशिक्षण लागतं. मग विचारा: टोकं कशी काढणार? कोणता व्हॅक्यूम आणणार? उत्तरात "ओलं करून" आणि "एच क्लास" (घातक धुळीसाठीचा व्हॅक्यूम) हे शब्द आपणहून आले तर बोलणं पुढे न्या. कचरा कुठे जाणार आणि त्याची पावती मिळेल का, हेही विचारा. तुमचा रिपोर्ट न मागताच दर सांगणारा माणूस मला आवडत नाही, दर कितीही चांगला असो.

खरं तर प्लास्टररपेक्षा मला इलेक्ट्रिशियनची जास्त धास्ती वाटते. छतं झाकून झाली, गुळगुळीत पांढरी दिसायला लागली, की दोन वर्षांनी कोणीतरी म्हणतं, इथे डाउनलाइट, म्हणजे छतात बसवायचे दिवे, छान दिसतील. मग होल-सॉने आठ-दहा गोल भोकं, आणि खाली बसलेल्या सगळ्यांच्या डोक्यावर तीच धूळ जी आपण एवढ्या कष्टाने आत गाडली. निकाल "आहे" असेल तर तो कागद मीटरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा, कोणत्या खोलीत आहे ते लिहून. पडद्याचा रॉड किंवा स्मोक अलार्म अशा एखाद्या स्क्रूसाठी युक्ती साधी आहे: भोक पाडायच्या जागी दाढीच्या फेसाचा जाड गोळा लावायचा आणि त्यातून ड्रिल हळू चालवायचं, धूळ फेसातच अडकते. मग ओल्या कागदाने टिपून पिशवीत. झुंबर-डाउनलाइटची हौस असेल तर ती स्किमच्या आधी, त्याच प्रशिक्षित माणसाकडून.

बाबांना रिकामं बसवू नका. ज्या माणसाने चाळीस वर्षं गिलावे तपासलेत त्याचा कान कुठल्याही बिल्डरपेक्षा तयार असणार. बोटाची पेरं किंवा लाकडी मुठीने हलकेच वाजवत प्रत्येक छत तपासायला सांगा: कुठे ठणठणीत, कुठे बद्द. वाजवताना पोपडे सुटत असतील तिथे थांबायचं. बद्द वाजेल तिथे पेन्सिलीने गोल. स्टड फाइंडर, म्हणजे बोर्डामागचं लाकूड शोधायचं यंत्र, आणून द्या, जॉइस्टच्या रेघा त्यांनाच आखू द्या. कोणत्या छताला स्किम चालेल आणि कोणतं बोर्डानेच झाकावं लागेल, हे त्या गोलांवरून बरंचसं ठरेल. शिवाय बिल्डर कामावर असताना घरात एक जाणता माणूस बसून आहे, ही गोष्ट बिल्डरलाही कळते. बाबांना इंग्रजी कमी येत असेल तरी बिघडत नाही. ओव्हरसियरची नजर भाषांतर मागत नाही.

स्किमनंतरची घाईही टाळा. ओलं प्लास्टर गडद गुलाबी-तपकिरी दिसतं, वाळत जाईल तसं फिकं होतं. सगळं छत एकसारखं फिकं झाल्याशिवाय ब्रश लावायचा नाही. लवकर वाळावं म्हणून फॅन हीटर समोर ठेवू नका, तडे जातील. खिडकी किलकिली ठेवली की पुरे. रंगाचा पहिला हात पाणी घालून पातळ केलेल्या साध्या मॅट इमल्शनचा, म्हणजे प्लास्टर तो पिऊन घेतं. दाट रंग थेट मारला तर महिन्याभरात पापुद्रे निघतील आणि दोष प्लास्टररच्या माथी येईल.

बँक हॉलिडेला काम करायचा बेत मात्र सोडा. त्या तीन दिवसांत नमुने घेऊन ठेवा, मंगळवारी टपालात टाका. गॅरेजमधली ती पिशवी निकाल आल्यावरच हलवायची: "आढळलं नाही" असेल तर नेहमीच्या कचऱ्याच्या डब्यात, आणि चादर धुवायला. "आहे" असेल तर डब्यातही नाही आणि भाड्याच्या स्किपमध्येही, म्हणजे दारात ठेवायच्या लोखंडी कचरापेटीतही, नाही. कौन्सिलच्या वेबसाइटवर ॲस्बेस्टॉस म्हणून शोधा. पुष्कळ कौन्सिल घरगुती थोडा माल आधी वेळ ठरवून घेतात. आतली लाल आणि बाहेरची पारदर्शक अशा ठरावीक पिशव्या मागतात. त्या ऑनलाइन मिळतात. ठरलेल्या वेळी गाडीच्या डिकीत नेऊन द्या, मुलाला सोबत न घेता.